गाड्यांच्या गावातली चॅम्पियन

ऑगस्ट २०२४ मध्ये चेन्नईजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर पुण्याच्या डायना पुंडोले हिनं ‘एमआरएफ सलून कार्स’ या गटाचं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. या गटात महिलांसाठी वेगळी शर्यत नसते, वेगळी गुणपत्रिका नसते. सगळ्यांनी एकाच ओळीत उभं राहायचं, इशारा मिळाला की निघायचं आणि हंगामाच्या शेवटी ज्याचे गुण जास्त तो विजेता. मोटार शर्यतीचं राष्ट्रीय विजेतेपद असं पुरुषांच्या बरोबरीनं लढून मिळवणारी पहिली भारतीय महिला, अशी तिची बातमी देशभर छापून आली. दोन मुलांची आई, पूर्वी शिक्षिका, शर्यतींचं वेड वडिलांकडून आलेलं, हा तपशीलही बातम्यांत होता. पण दोन दिवसांत बातमी मागे पडली. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात ती जितकी गाजायला हवी होती तितकी गाजली नाही, याची मला खंत आहे.

खंत अशासाठी, की या पट्ट्याचं सगळं आयुष्यच गाड्यांभोवती फिरतं. १९६० च्या दशकात टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, पिंपरीत आली, बजाज आकुर्डीत आली. पुढे बजाजनं चाकणला कारखाना टाकला. १९९५ च्या सुमारास भारतातली पहिली मर्सिडीज जोडली गेली तीही पिंपरीत, टेल्कोच्या आवारात. २००९ मध्ये मर्सिडीज चाकणला गेली, त्याच वर्षी फोक्सवॅगनचा कारखाना तिथं सुरू झाला, पाठोपाठ महिंद्राही आली. पिस्टनपासून वायरिंग हार्नेसपर्यंत सुटे भाग करणारी शेकडो वर्कशॉप भोसरी, तळवडे, कुरुळी, म्हाळुंगे भागात आहेत. इथल्या घराघरांत कुणी ना कुणी ‘लाइनवर’ असतो. टॉर्क म्हणजे काय हे इथं पुस्तकातून शिकावं लागत नाही.

आणि गाड्या व बायका यांचा संबंधही याच गावात एकदा वादाचा झाला होता. १९७४ च्या सुमारास टेल्कोच्या नोकरीच्या जाहिरातीत महिलांनी अर्ज करू नयेत, असं छापलं होतं. बंगळूरला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी या तरुण अभियंता मुलीनं, म्हणजे नंतरच्या सुधा मूर्ती यांनी, जेआरडी टाटांना पोस्टकार्ड लिहून त्याबद्दल जाब विचारला. मुलाखतीसाठी त्यांना पुण्याला बोलावणं आलं, निवड झाली आणि टेल्कोच्या शॉप फ्लोअरवर पहिली महिला अभियंता रुजू झाली. आज टाटा मोटर्सच्या पुण्यातल्या कारखान्यात हॅरियर आणि सफारी यांची जोडणी करणारी एक अख्खी लाइन दीड हजारांच्या आसपास महिला चालवतात. ते पोस्टकार्ड आणि डायनाचं विजेतेपद यांच्यात पन्नास वर्षांचं अंतर आहे. गाडी जोडण्याचा हक्क बाईला मिळाला त्याला बराच काळ झाला. गाडी पळवण्याचा हक्क मात्र तिला स्वतः जाऊन, स्वतःच्या खर्चानं मिळवावा लागतो.

सलून शर्यत म्हणजे नेमकं काय, हे इथं सांगायला हवं, कारण टीव्हीवरच्या फॉर्म्युला वनमुळे आपल्या डोळ्यांसमोर उघड्या चाकांची, विमानासारखी गाडी येते. सलून म्हणजे साधी घरगुती मोटार. एमआरएफच्या गटात धावतात त्या टोयोटा इटिऑस, टॅक्सी स्टँडवर दिसायच्या त्याच. शर्यतीसाठी आधी ती आतून सोलून काढतात. मागची सीट, कार्पेट, दाराचे पॅड, एसी, म्युझिक सिस्टीम, आवाज शोषणारी डांबरी शीट, सगळं बाहेर. उरलेल्या पत्र्याच्या सांगाड्यात पोलादी नळ्यांचा पिंजरा वेल्ड करतात, त्याला रोल केज म्हणतात. गाडी उलटली तर छप्पर चेपू नये, हे त्याचं काम. मग चालकाला खांद्यापासून मांडीपर्यंत आवळून धरणारी एकच बकेट सीट, सहा ठिकाणी अडकवलेला पट्टा, हाताशी आग विझवायचा सिलिंडर आणि बाहेरून कुणालाही ओढता येईल असा वीज तोडायचा स्विच. बॉडी शॉपमध्ये काम केलेल्या माणसाला या गाडीत डोकावून बघू द्या, वेल्डचा एकेक टाका तो तपासत बसेल.

सगळ्यांच्या गाड्या सारख्या, टायर सारखे, इंजिनं सारखी. त्यामुळे गाडीच्या जोरावर पुढे जायची सोय नाही. फरक पडतो तो ब्रेक कुठे दाबला, किती दाबला आणि केव्हा सोडला यानं. वळण येतं तेव्हा सरळ रेषेत जोरात ब्रेक मारायचा. गाडीचं वजन पुढच्या चाकांवर येतं, त्यांची पकड वाढते. मग स्टिअरिंग वळवत वळवत ब्रेक हळूहळू सोडायचा, नाहीतर मागची चाकं हलकी होऊन गाडी शेपटीसारखी फिरते. वळणाच्या आतल्या कडेला चाक टेकलं की ॲक्सिलरेटर. हे सगळं तीन-चार सेकंदांत, तेही दोन्ही बाजूंना आणि मागे दुसऱ्यांच्या गाड्या चिकटलेल्या असताना. अंगात आगरोधक सूट, डोक्यावर हेल्मेट, मानेला आधार देणारी कॉलर, बाहेर चेन्नईचं ऊन आणि आत एसी नाही. या खेळात ताकद लागत नाही असं म्हणणाऱ्यानं एकदा तो सूट घालून बंद गाडीत पंधरा मिनिटं नुसतं बसून बघावं.

डायनाची सुरुवात २०१८ ची. जेके टायरनं महिलांना शर्यतीत आणण्यासाठी एक उपक्रम चालवला होता, त्यातून ती निवडली गेली. त्याच सुमाराला मराठी अभिनेत्री मनीषा केळकर हिनंही हेल्मेट चढवलं होतं. या मुली ज्या गाडीत शिकल्या तिचं नाव एलजीबी फॉर्म्युला फोर. एकच सीट, उघडी चाकं, आत मारुतीचं इंजिन. दिसायला छोटी, पण पॉवर स्टिअरिंग नसल्यानं दंड भरून येतात. इथून पुढची सहा वर्षं म्हणजे सराव, प्रायोजकांच्या दारात खेटे, मुलांच्या शाळा आणि दर काही आठवड्यांनी दक्षिणेचा प्रवास.

हा दक्षिणेचा प्रवास मला या सगळ्या कहाणीत फार महत्त्वाचा वाटतो. पुण्याहून चेन्नईचा ट्रॅक रस्त्यानं बाराशे किलोमीटरच्या आसपास. कोइंबतूरचा कारी मोटर स्पीडवे जवळपास तेवढाच लांब. फॉर्म्युला वन झाली ते बुद्ध सर्किट तर ग्रेटर नोएडाला. मोटारींच्या राष्ट्रीय शर्यतींच्या फेऱ्या भरतात असा पक्का ट्रॅक महाराष्ट्रात एकही नाही. ज्या पट्ट्यातून रोज ट्रेलर भरभरून नव्या मोटारी बाहेर पडतात, तिथल्या मुलीला ती मोटार मोकळेपणानं पळवायला दोन राज्यं ओलांडावी लागतात.

दक्षिणेत हे कसं जमलं? चेन्नईला आधी शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती भरायच्या. तिथल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबच्या लोकांनी चिकाटीनं जमीन मिळवली आणि १९९० मध्ये इरुंगट्टुकोट्टईचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक, म्हणजे आजचं मद्रास इंटरनॅशनल सर्किट, उभा केला. कोइंबतूरची गोष्ट तर आपल्या उद्योजकांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. तिथले एस. करिवर्धन हे कापड गिरणीच्या घरातले, स्वतः शर्यती खेळणारे. परदेशी रेसिंग कार परवडत नाही, तर मारुतीचं इंजिन घेऊन इथंच स्वस्तातली गाडी बनवू, असं त्यांनी ठरवलं आणि ‘फॉर्म्युला मारुती’ उभी केली. त्या गाडीतून शिकलेल्या मुलांत नारायण कार्तिकेयन होता, जो २००५ मध्ये जॉर्डन संघाकडून फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय. करिवर्धन १९९५ मध्ये विमान अपघातात गेले. त्यांच्या नावानं २००३ मध्ये ट्रॅक झाला, कारी मोटर स्पीडवे. कोइंबतूरकडे गिरण्या, फाउंड्री आणि पंपांचे कारखाने होते. पिंपरी-चिंचवडकडे तर अख्ख्या मोटारी होत्या. उणीव होती ती अशा वेड्या मालकाची. कार्तिकेयनच्या गाडीवर टाटांचं नाव झळकलं, ही अभिमानाची गोष्ट खरी, पण ज्या मातीत तो घडला ती कोइंबतूरची होती.

चाकणनं या बाबतीत काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. २०१० मध्ये फोक्सवॅगननं भारतात पोलो कप सुरू केला. पहिल्या वर्षीची पोलो डिझेलची होती, १३० अश्वशक्तीची, आणि डिझेल गाडी शर्यतीत धावताना बघून तेव्हा अनेकांनी भुवया उंचावल्या होत्या. नंतर व्हेंटो आली आणि २०१७ मध्ये ॲमिओ कप. ॲमिओ ही खास भारतासाठी आखलेली, चार मीटरच्या आत बसवलेली, चाकणलाच बनणारी गाडी होती. रस्त्यावरची पेट्रोल ॲमिओ ७५ अश्वशक्तीची, आणि कंपनीच्या भारतातल्या मोटरस्पोर्ट विभागानं तयार केलेली शर्यतीची ॲमिओ २०५ अश्वशक्तीची. १.८ लिटरचं टर्बो इंजिन, स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी बदलायचे सिक्वेन्शियल गिअर. नवख्या चालकांसाठी हा कप म्हणजे चालती शाळा होती. गाडी कंपनीची, देखभाल कंपनीच्या मेकॅनिकची, चालकानं भाडं भरायचं आणि शर्यत झाल्यावर संगणकावर आपला प्रत्येक ब्रेक, प्रत्येक गिअर दुसऱ्याच्या आलेखाशेजारी ठेवून बघायचा. कुठे अर्धा सेकंद गेला ते तिथं लपत नाही. शर्यती मात्र चेन्नई, कोइंबतूर, नोएडालाच.

महाराष्ट्रात मुलांना वेगाचं पहिलं शिक्षण मिळतं ते कोल्हापुरात. हुपरीच्या बाजूला मोहिते कुटुंबानं कार्टिंगचा ट्रॅक बांधला, तिथं राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्याही भरल्या. याच घरातला ध्रुव मोहिते ॲमिओ कपमध्ये पुढच्या फळीत धावला. कृष्णराज महाडिक कोल्हापुरातून थेट ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेला. कोल्हापूरला हे जमलं याचं मला नवल वाटत नाही. फाउंड्री, लेथ आणि कुस्ती यांत वाढलेल्या त्या गावाला यंत्राची आणि झुंजीची दोन्ही गोडी आहे.

ट्रॅक नसतानाही कारकीर्द घडवता येते, फक्त मग रस्ता वेगळा धरावा लागतो. पुण्याचेच संजय टकले यांनी तो धरला. सुरुवात दुचाकीच्या मोटोक्रॉसमधून, मग मोटारीची रॅली, मग आशिया-पॅसिफिक रॅलीतली वर्षं. रॅलीला ट्रॅक नको. कच्चे रस्ते, जंगल, वाळवंट आणि शेजारच्या सीटवर नकाशा वाचणारा जोडीदार पुरतो. जानेवारी २०२५ मध्ये सौदी अरेबियात ‘डकार क्लासिक’ त्यांनी पूर्ण केली. गाडी जुनी टोयोटा लँड क्रूझर, जोडीदार फ्रान्सचा मॅक्सिम रो, आणि एकूण क्रमांक अठरावा. डकारच्या मोटार विभागात शेवटपर्यंत पोहोचलेले ते पहिले भारतीय ठरले. क्लासिकमध्ये जुन्या काळच्या गाड्या असतात आणि तिथं सगळ्यात वेगवान जाणारा जिंकत नाही. प्रत्येक टप्प्यासाठी सरासरी वेग आखून दिलेला असतो, त्याहून लवकर पोहोचलं तरी दंड, उशिरा पोहोचलं तरी दंड. बिशापासून शुबायतापर्यंतच्या त्या वाळूत दोन आठवडे जुन्या गाडीचा श्वास सांभाळत, घड्याळाशी इमान राखत जायचं, हे काम वयानं आणि अनुभवानं मुरलेल्या माणसाचंच. शर्यतीचं करिअर पंचविशीत संपतं या समजाला टकले यांनी दिलेलं हे उत्तर आहे.

डायनाच्या वाट्याला पुढे वेगळंच काही आलं. २०२५-२६ च्या हंगामासाठी आखाती देशांत भरणाऱ्या फेरारी क्लब चॅलेंज या मालिकेत तिचं नाव जाहीर झालं, आणि फेरारी घेऊन आंतरराष्ट्रीय शर्यतीत उतरणारी पहिली भारतीय महिला म्हणून पुन्हा मथळे आले. गाडी फेरारी २९६ चॅलेंज. मथळ्यांपेक्षा मला त्यातलं काम समजून घ्यावंसं वाटतं. रस्त्यावरची इटिऑस दीड लिटरची, नव्वद अश्वशक्तीच्या आसपासची, पुढच्या चाकांनी ओढणारी. ही फेरारी तीन लिटरची, दोन टर्बो लावलेली, सातशे अश्वशक्तीची, इंजिन पाठीमागे आणि जोर मागच्या चाकांना. पुढच्या चाकांच्या गाडीत वळणात ॲक्सिलरेटर जास्त दाबला तर गाडी बाहेरच्या कडेला सरकत जाते, सावरायला वेळ मिळतो. मागच्या चाकांच्या गाडीत तीच चूक केली तर क्षणात तोंड मागे. ब्रेकचं गणितही नव्यानं शिकायचं, कारण त्या वेगाला गाडीवरून वाहणारी हवाच गाडीला जमिनीवर दाबून धरते. वेग उतरत जातो तसा तो दाब कमी होतो, म्हणून पाय आधी पूर्ण ताकदीनं आणि मग वेगाच्या मापानं हलका होत जायला हवा. सहा-सात वर्षं ज्या सवयी स्नायूंत मुरवल्या त्यांतल्या निम्म्या पुसायच्या आणि नव्या लिहायच्या, तेही दुबई, अबू धाबी, बहारीनसारख्या ट्रॅकवर, जिथं आजूबाजूच्या चालकांनी अशाच गाड्यांत कित्येक हंगाम काढलेले असतात.