नापास मुलाला लिहितं कोणी केलं?

1930 साली उज्जैनमध्ये बारा-तेरा वर्षांचा एक मराठी मुलगा मिडलच्या परीक्षेत नापास झाला. वडील पोलीस खात्यात, सारख्या बदल्या, त्यामुळे शाळा एका जागी धड झालीच नव्हती. हे अपयश त्याच्या मनाला इतकं लागलं की पुढे मोठेपणीही तो त्याला आपल्या आयुष्यातली महत्त्वाची घटना मानत राहिला. मग 1943 साली हिंदी कवी अज्ञेयांनी सात तरुण कवींचा ‘तार सप्तक’ हा संग्रह काढला आणि हिंदी कवितेनं वळण घेतलं. त्या सातांत हा मुलगा होता. गजानन माधव मुक्तिबोध. मधल्या तेरा वर्षांत असं घडलं तरी काय?

सुरुवात घरातच झाली. आई पार्वतीबाई हिंदीतले प्रेमचंद वाचायच्या आणि मराठीतले हरिनारायण आपटेही. आपल्याला प्रेमचंदांचा भक्त आईनं केलं, अशा अर्थाचं शीर्षक देऊन मुक्तिबोधांनी एक लेखच लिहिला आहे. वाचता वाचता आईचे डोळे भरून यायचे आणि मॅट्रिकच्या मुलाला समोर बसवून ती त्या कथांमधलं दुःख उलगडून सांगायची. तिनं त्याला लेखन शिकवलं नाही. पण छापलेल्या मजकुरावर माणूस मनापासून रडू शकतो आणि ते रडू का आलं हे शब्दांत सांगूही शकतो, हे त्या मुलानं रोज पाहिलं. वर्गात मागे पडलेल्या मुलाला याहून मोठी शिकवणी कोणती मिळणार!

1935च्या सुमारास, उज्जैनच्या माधव कॉलेजात असताना, तो लिहू लागला. माखनलाल चतुर्वेदींचं ‘कर्मवीर’ तेव्हा खांडव्याहून निघायचं. सुरुवातीच्या कविता तिथं छापून आल्या. पुढच्याच वर्षी, 1936 साली, तिकडे अमेरिकेत आयोवा विद्यापीठानं लेखनाची कार्यशाळा सुरू केली. जगभरच्या लेखन-अभ्यासक्रमांना पुढे तिचाच कित्ता मिळाला. उज्जैनला असं काही नव्हतं. पण कार्यशाळेत जे जे लागतं ते त्या गावात आपोआप जुळून आलं होतं: बरोबरीनं लिहिणारे मित्र, वाचून तोंडावर मत सांगणारं कुणी आणि फार लांब नसलेलं एक नियतकालिक. माधव कॉलेजात शिकवायला आलेले प्रभाकर माचवेही मराठीच, आणि तेही ‘तार सप्तक’मध्ये आहेत. हिंदीच्या त्या सात कवींत दोघं मराठी घरांतले, हे आठवलं की आजही नवल वाटतं.

पण लिहिल्यानं मुलाच्या आत नेमकं काय बदलतं? याचं उत्तर मुक्तिबोधांनीच ‘एक साहित्यिक की डायरी’मध्ये शोधलं आहे. कलेचे ते तीन क्षण मानतात. पहिला, अनुभव तीव्रतेनं अंगावर येतो तो. दुसऱ्या क्षणी तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटतो आणि डोळ्यांपुढे चित्र होऊन उभा राहतो. तिसऱ्यात त्या चित्राला शब्द मिळू लागतात, आणि शब्द मिळता मिळता ते चित्रही बदलत जातं. मला यातला दुसरा क्षण विलक्षण वाटतो. ‘मी नापास’ एवढंच जोवर मनात असतं, तोवर त्या अपयशात आणि मुलात अंतर नसतं. ‘निकालाच्या दिवशी एक मुलगा घरी जायचं टाळत नदीकडे वळला’ असं त्यानं लिहिलं की ते अपयश कागदावर येतं, आणि लिहिणारा त्याच्यासमोर बसलेला असतो. आता पुढची ओळ काय असावी हे तो ठरवतो. आत्मविश्वासाचा कोंब इथं फुटतो, असं मला ठामपणे वाटतं, शाबासकी नंतरची.

मानसशास्त्रानं याच्या आसपासचं काही मोजूनही पाहिलं आहे. जेम्स पेनीबेकर आणि सँड्रा बील यांचा 1986 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग पाहा. कॉलेजातल्या मुलांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहायला बसवलं. काहींना साधे विषय दिले, काहींना आयुष्यातला सर्वांत क्लेशदायक प्रसंग. दुसऱ्या गटातल्या ज्या मुलांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांना लिहिताना आणि लगेच नंतर जास्त त्रास झाला. पुढच्या महिन्यांत मात्र त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. फक्त साध्या कागदावर लिहून!

मुक्तिबोधांच्या घरातला धाकटा मुलगाही लिहिता झाला, पण मराठीत. शरच्चंद्र मुक्तिबोधांचा ‘नवी मळवाट’ हा कवितासंग्रह 1949 सालचा; 1979 साली त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आई दोन भाषांतली पुस्तकं वाचायची, आणि तिच्या एका मुलानं हिंदी कविता बदलली, दुसऱ्यानं मराठी. 1954 साली शरच्चंद्रांनी बिशू नावाच्या मुलाच्या घडणीची कादंबरी लिहिली. तिला त्यांनी उज्जैनच्या नदीचंच नाव दिलं, ‘क्षिप्रा’. आणि बिशूची गोष्ट एका पुस्तकात मावेना म्हणून पुढे आणखी दोन कादंबऱ्या लिहिल्या.