शिकवणी खाटेपाशी

अंथरुणाला खिळलेल्या आजींना कुशीवर वळवल्यावर माकडहाडापाशी लाल डाग दिसला, की मावशींचा हात आपसूक तेलाच्या बाटलीकडे जातो. वृद्धांच्या शुश्रूषा केंद्रातली प्रशिक्षक सिस्टर तो हात तिथेच थांबवते. ‘मावशी, चोळू नका. आधी बोटाने दाबून बघा.’ दाबलेली जागा क्षणभर फिकी पडली, तर तिथे रक्त खेळतं आहे. लाली तशीच राहिली, तर ती बेडसोअरची पहिली पायरी. तिथे चोळलं की आधीच नाजूक झालेली त्वचा आणखी दुखावते.

हॉस्पिटलातला पेशंट चार दिवसांनी घरी जातो. इथले आजी-आजोबा वर्षानुवर्षं राहतात. त्यांना अंघोळ घालणं, भरवणं, उठवणं-बसवणं हे सगळं मावशी आणि मामांच्या हातून होतं. त्यामुळे हे हात तयार करणं हेच सिस्टरचं मोठं काम. अमेरिकेत १९८७च्या कायद्यानंतर नर्सिंग होममधल्या मदतनिसांना किमान ७५ तासांचं प्रशिक्षण सक्तीचं झालं. शिवाय दरवर्षी १२ तासांची उजळणी. आपल्याकडे हे बरंचसं त्या-त्या केंद्राच्या इच्छेवर आणि सिस्टरच्या चिकाटीवर चालतं.

तिचा वर्ग भरतो ड्युटी बदलताना, खाटेभोवती. चादरीवरून ओढायचं नाही, दोघांनी उचलून सरकवायचं. पोटरीखाली उशी अशी ठेवायची, की टाच गादीला टेकणार नाही. एअर बेड असला तरी कूस बदलणं चुकत नाही. भरवताना पाठ ताठ, हनुवटी किंचित खाली, घास लहान. जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनियाचा धोका असतो. आणि प्रत्येक वेळी ठसका लागेलच असं नाही. म्हणून जेवल्यावर आवाज घोगरा, ओलसर वाटला तरी लगेच सांगायचं.

दर सूचनेमागचं कारण सांगायला वेळ लागतो, पण तो वेळ वाया जात नाही. ‘दोन तासांनी वळवा’ एवढंच सांगितलं, तर तक्त्यावर खुणा होतात. त्वचेचा रक्तपुरवठा कसा तुटतो हे कळलं, की पहाटे तीनला, कोणी बघत नसतानाही, मावशी उठून कूस बदलतात.

आई-वडिलांसाठी केंद्र निवडताना आपण खोली, बाग, जेवण बघतो. त्याबरोबर एक प्रश्न जरूर विचारावा: इथे मावशींना शिकवतं कोण, आणि शिकण्याचा वेळ त्यांच्या ड्युटीत धरला जातो का?