जुन्या दुखण्याला ‘मनाची’ गोळी का?



गळीत हंगाम संपतो, उसाची बिले निघतात, पण धरलेली कंबर आणि पायाची आग मागे राहते. अशा जुन्या दुखण्यावर, विशेषतः मधुमेहाने पायांची आग होत असेल किंवा नागीण बरी होऊनही ठणका राहिला असेल, तर डॉक्टर कधी अमिट्रिप्टिलीन, कधी ड्युलोक्सेटिन लिहून देतात. मग कुणीतरी म्हणतं, “अहो, ही तर वेड्याची गोळी!” अन् चिठ्ठी खिशातच राहते. म्हणून हे दोन शब्द.

ही औषधे मूळची नैराश्यावरची, हे खरे. अमिट्रिप्टिलीन १९६१ सालापासून वापरात आहे. पण ती दिली म्हणजे दुखणे खोटे किंवा माणूस वेडा, असा अर्थ नाही. दुखण्याची वर्दी मणक्यातून मेंदूकडे जाते. मेंदूही उलट ती दाबत असतो, जसा पाटकरी दार खाली करून पाणी कमी करतो. दुखणे जुने झाले की हे दार नीट लागत नाही. या गोळ्या ते लावायला मदत करतात. म्हणून अमिट्रिप्टिलीन दुखण्यासाठी रात्री १० ते २५ मिलिग्रॅमपासून सुरू करतात. नैराश्याला मात्रा बरीच जास्त लागते.

गुण लगेच येत नाही, दोन ते चार आठवडे लागतात, आणि सर्वांनाच येतो असेही नाही. २०२३ साली १७६ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा ड्युलोक्सेटिनचा पुरावा सर्वांत भक्कम ठरला. मात्र बहुतेक चाचण्या थोड्या आठवड्यांच्याच होत्या.

तोंडाला कोरड, झोप, बद्धकोष्ठ हे त्रास होतात. काचबिंदू, हृदयविकार किंवा लघवी तुंबण्याची तक्रार असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. चालू असलेल्या सर्व गोळ्या दाखवा. दारू वर्ज्य. झोप येत असेल तर ट्रॅक्टर चालवू नका. गोळी मनाने एकदम बंद करू नका. जास्त गोळ्या पोटात गेल्यास जीवावर बेतते, तेव्हा पाकीट मुलांच्या हाती लागू देऊ नका.

आणि एक. दुकानातून रोज वेदनाशामक आणून गिळत राहिल्यास पोटात व्रण होतात, मूत्रपिंड बिघडते. त्यापेक्षा डॉक्टरांची चिठ्ठी खिशातून बाहेर काढा आणि शंका त्यांनाच विचारा. शेजाऱ्याला नको.