मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली बेगमी

फेब्रुवारीत मंगळवेढ्याच्या शिवारात ज्वारी कापत नाहीत, उपटतात. बाई वाकते, तीन-चार ताटं बुडाशी मुठीत धरते, अंगाचा सगळा भार मागे टाकून हिसका देते आणि ताटं मुळासकट वर येतात. मुळांची माती झटकायची, सगळी कणसं एका अंगाला येतील अशी ताटं आडवी टाकायची आणि पुढची मूठ धरायची. कामाला तोंड पहाटेच लागतं. दवाने पानं ओलसर असतात तोवर ती हाताला कापत नाहीत, मोडून गळतही नाहीत. ऊन चढलं की पानाची करवत होते. बायका लुगड्यावर पुरुषाचा जुना लांब बाह्यांचा सदरा चढवतात, तोंडाला फडकं आवळतात. तरी कूस मानेवर, मनगटावर लागतेच. दहाच्या सुमाराला न्याहरीला बसलेल्या एका मावशींनी मला तळहात दाखवला. बोटांच्या मुळाशी जुने घट्टे होते आणि त्यांच्या कडेने नवे फोड.

एवढे कष्ट करून उपटायची कशासाठी? बुडापासून विळा लावला तर कडबा आखूड होतो आणि रानात धसकटं उरतात, ती पुन्हा वेचावी लागतात. उपटली की कडबा पूर्ण लांबीचा मिळतो आणि रान मोकळं होतं. इथल्या शेतकऱ्याला दाण्याइतकाच कडबा हवा असतो. शहरात बसून अन्नाचा विचार करताना कडबा आपल्या हिशेबात येत नाही. इथे मात्र तो आधी येतो, कारण दारची म्हैस उन्हाळा त्याच्यावर काढते आणि घरातलं रोजचं दूध व आठवड्याचा रोख पैसा म्हशीवर चालतो. २०१२-१३ च्या आणि पुन्हा २०१८-१९ च्या दुष्काळात सांगोला-मंगळवेढ्याच्या पट्ट्यात चारा छावण्या उभ्या राहिल्या. घरच्या गंजी संपल्या तेव्हा माणसं जनावरांबरोबर छावणीत राहायला गेली.

हे पीक उभं राहतं ते जमिनीतल्या ओलीवर. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला जेमतेम पाच-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस, तोही लहरी आणि बराचसा सप्टेंबरचा. मंगळवेढ्याची भारी काळी माती तेवढं पाणी पोटात धरून ठेवते. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरा होतो. पुढे पाऊस आला नाही तरी ज्वारी त्या ओलीवर आणि हिवाळ्याच्या थंडीवर पिकते. रान वाळत गेलं की भेगाळतं, भेगांतून ओल उडते, शिवाय मुळं तुटतात. म्हणून कोळपणी. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं जुनी माणसं सांगतात. शेवटच्या कोळपणीचा उद्देश तणापेक्षा भेगा बुजवण्याचाच असतो. हुरड्यात दाणा आला की पाखरांची राखण सुरू होते. वाण बहुतेक मालदांडी. मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३० च्या दशकात निवडलेली मालदांडी ३५-१ अजून या रानांतून हटलेली नाही, कारण नव्या वाणांचं उत्पन्न जास्त असलं तरी भाकरीची चव आणि कडब्याचा कस यांत घरातल्या बायका आणि जनावरं दोघंही तिच्याच बाजूने कौल देतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

उपटलेली ताटं चार-पाच दिवस वाळली की पेंढ्या बांधायच्या. मग बायका विळा घेऊन बसतात आणि कणसं खुडतात. पेंढ्या पाचुंद्याने मोजून गंजीला जातात, कणसं खळ्यावर. पूर्वी खळ्यात बैल फिरायचे, आता मळणी यंत्र येतं आणि दिवसाचं काम तासात होतं. यंत्राचा घरघराट मी पुष्कळ वेळ ऐकत उभा होतो. पण या सगळ्या प्रक्रियेतली माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्याआधी आणि अगदी हळू आवाजात घडली होती. ती म्हणजे मजुरी ठरवणं. उपटणीला आलेल्या बायकांच्या टोळीतल्या दोघी-तिघींनी मजुरी पैशात घ्यायला नकार दिला. त्यांना ज्वारी हवी होती, पायलीने मोजून. त्यांच्याकडे जमीन नाही. हंगामात जितके दिवस काम, तितक्या पायल्या घरात येतात. ज्वारी उन्हात खडखडीत वाळवून, लिंबाचा पाला घालून ठेवली की पावसाळ्यापर्यंत दुकानाची पायरी चढावी लागत नाही. पैसा घेतला तर तो आधी दवाखान्यात किंवा हप्त्यात जातो, आणि आषाढात ज्वारीचा भाव चढलेला असतो. तळहात दाखवणाऱ्या मावशींचं गणित साधं होतं: ‘पैसं काय, दोन दिसांत उडत्यात. जोंधळं घरात असल्यावर लेकरं उपाशी झोपत न्हाईत.’

१९९६ साली रोममध्ये भरलेल्या जागतिक अन्न परिषदेने अन्नसुरक्षेची व्याख्या केली. सर्व माणसांना, सर्व काळ, पुरेसं, सुरक्षित आणि पोषक अन्न मिळवण्याची ऐपत असली पाहिजे, असा तिचा आशय. धान्य पिकतं किती हा त्यातला एक भाग. ते हाती येतं का, अंगी लागतं का आणि वर्षभर टिकतं का, हे उरलेले. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या पुस्तकात १९४३ चा बंगालचा दुष्काळ तपासून दाखवलं की माणसं धान्य संपल्यामुळेच मरतात असं नाही. धान्यावरचा त्यांचा हक्क तुटतो म्हणूनही मरतात. मंगळवेढ्याला हे पंधराव्या शतकापासून माहीत आहे. दामाजीपंत इथलेच. दुष्काळात बिदरच्या बादशहाची कोठारं भरलेली होती आणि माणसं कोठाराबाहेर मरत होती. त्या कोठारांचा कारभार पाहणाऱ्या पंतांनी कुलपं काढली. विठू महाराच्या रूपाने पांडुरंगाने धान्याची किंमत भरली, ही कथा भक्तीची म्हणून आपण ऐकत आलो. मला ती तितकीच अन्नाच्या हक्काची वाटते.

१९७२ च्या दुष्काळात हेच दुसऱ्या तऱ्हेने दिसलं. लागोपाठ पिकं गेली होती. रेशनवर परदेशी लाल मिलो आली, कामावर सुकडी मिळाली. त्या पिढीतल्या माणसांना मिलोच्या भाकरीची चव अजून आठवते आणि ती आठवण गोड नाही. पण लोक तगले ते खडी फोडून, नालाबांध घालून हातात मजुरी आली म्हणून. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीला पुढे १९७७ मध्ये कायद्याचं रूप मिळालं. धान्याइतकाच कामाचा हक्क माणसाला जगवतो, हे महाराष्ट्राने देशाला दाखवलं, आणि त्याचा अभिमान बाळगायला हवा.

आज टोळीतल्या प्रत्येकीकडे रेशनकार्ड आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं, २०२३ पासून फुकट. हा आधार मोठा आहे. त्याला खैरात म्हणणाऱ्यांनी एकदा या बायकांबरोबर सकाळभर वाकून बघावं. पण पाच किलो म्हणजे दिवसाला साधारण १६५ ग्रॅम. रानात राबणाऱ्या बाईच्या दोन मोठ्या भाकरींत ते संपतं. शिवाय मिळतात बहुतेक गहू आणि तांदूळ. कायद्यात भरडधान्याची तरतूद आहे, अधूनमधून ज्वारी दुकानात येतेही. मात्र ज्वारीच्या मुलखात ती दर महिन्याला हमखास मिळेल असं नाही. त्यामुळे पायलीची मजुरी रेशनच्या वरची राहत नाही. ती रेशनमधली तूट भरून काढते.

आणि ही मजुरीच आटते आहे. ज्यांच्या रानात मी उभा होतो त्या मालकांनी हिशेब सांगितला. उपटणी, बांधणी, खुडणी, तिन्हीला माणसं लागतात आणि ती वेळेवर मिळत नाहीत. तरणी पोरं पुण्याला किंवा ऊसतोडीला गेलेली. हरभरा केला तर यंत्राने काढणी होते. पाणी पोहोचलं तिथे ऊस झाला. कडब्याला भाव चांगला आला त्या वर्षी ज्वारी परवडते, नाही तर नाही. त्यांच्या बोलण्यात खंत होती, पण हिशेब चुकीचा नव्हता. पुढच्या हंगामात ते ज्वारी दोन एकरच ठेवणार आहेत, घरच्यापुरती आणि जनावरांपुरती. उरलेल्या रानात हरभरा.

हरभऱ्याने त्यांचं उत्पन्न वाढेल, तालुक्याच्या उत्पादनाचा आकडाही कदाचित वाढेल. मात्र दोन एकर ज्वारीची उपटणी घरची माणसं आणि एखादी सावड यांच्यावर निभावते. टोळी बोलवावी लागत नाही. सरकारने मालदांडी परवडेल अशा भावाने सोलापुरातच विकत घ्यावी आणि सोलापूरच्याच रेशन दुकानांत दर महिन्याला द्यावी, म्हणजे मालकाला पीक ठेवणं जड जाणार नाही आणि टोळीला रानातून मिळणारी ज्वारी कमी झाली तरी दुकानातून मिळेल. मी हे मालकांना बोलून दाखवलं तेव्हा शेजारी पेंढी बांधत असलेल्या मावशींनी वर न बघता विचारलं, ‘आन् कामाचं?’