अल्व्हाराडो स्ट्रीटवरची जाळी

डिसेंबर १९८० मध्ये लॉस एंजेलिसच्या अल्व्हाराडो स्ट्रीटवर, मॅकआर्थर पार्कजवळ, ‘एल पोयो लोको’ या मेक्सिकन साखळीने अमेरिकेतले आपले पहिले दुकान उघडले. विकायला मुख्य पदार्थ एकच होता: लिंबूवर्गीय फळांचा रस, लसूण आणि मसाल्यांत मुरवून उघड्या ज्योतीवर भाजलेली कोंबडी, जोडीला गरम तोर्तिया आणि साल्सा. आज या साखळीच्या पाचशेच्या आसपास शाखा आहेत आणि कंपनीचे शेअर नॅसडॅकवर विकले जातात. तरीही चार दशकांहून अधिक काळात तिचा पसारा फिरून फिरून कॅलिफोर्निया आणि आसपासच्या राज्यांपाशीच येऊन थांबला आहे. गुंतवणूकदारांच्या भाषेत हे अपुरे राहिलेले काम आहे. मला मात्र वाटते की या साखळीची मर्यादा आणि तिची ताकद एकाच ठिकाणी आहे. भाजायला लागणारा वेळ, जाळीपुढे उभा असलेला माणूस आणि ही चव आधीपासून ओळखणारी वस्ती, या तीन गोष्टींवर हा धंदा उभा आहे. मालक बदलत गेले तसतसा या तिन्हींना केवळ खर्चाच्या रकान्यात टाकण्याचा मोह वाढत गेला, आणि जिथे जिथे तो मोह बळावला तिथे तिथे धंदा फसला.

अधिकृत इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९७५ साली मेक्सिकोच्या सिनालोआ राज्यातल्या ग्वासावे गावात हुआन फ्रान्सिस्को ओचोआ यांनी रस्त्याकडेला पहिले दुकान काढले. कृती घरातली होती. त्या दशकाच्या अखेरीस उत्तर मेक्सिकोत ऐंशीहून अधिक दुकाने झाली आणि पुढच्याच वर्षी कुटुंबाने सीमा ओलांडली. १९८३ मध्ये अमेरिकेतला धंदा डेनीज या मोठ्या उपाहारगृह कंपनीने विकत घेतला; मेक्सिकोतला ओचोआ कुटुंबाकडेच राहिला. त्यानंतर अमेरिकेतली कंपनी एका गुंतवणूकदाराकडून दुसऱ्याकडे जात राहिली. १९९९ आणि २००५ साली ती खासगी गुंतवणूक संस्थांच्या हाती गेली आणि जुलै २०१४ मध्ये शेअर बाजारात आली. १५ डॉलरला विकलेला शेअर पहिल्याच दिवशी साठ टक्क्यांनी चढला. मेक्सिकोतल्या व्यापारचिन्हाचे हक्कही अमेरिकी कंपनीने १९९६ मध्ये घेतले होते. तिथे धंदा वाढवायचा करार मात्र तिने पाळला नाही, म्हणून मूळ कंपनीने खटला भरला. डिसेंबर २००७ मध्ये टेक्सासातल्या ज्युरीने मेक्सिकोतल्या कंपनीच्या बाजूने सुमारे सव्वादोन कोटी डॉलरची भरपाई ठरवली. नाव एकाचे आणि हात दुसऱ्याचे, हा पेच त्या खटल्यात पहिल्यांदा कागदावर आला.

खरी गोष्ट जाळीची आहे. तळलेल्या कोंबडीची साखळी उभारणे तुलनेने सोपे, कारण तेल स्वयंपाक्याची चूक झाकते. तापलेले तेल तुकड्याला सगळ्या बाजूंनी सारखे भिडते, तापमान काट्यावर दिसते, घंटा वाजली की टोपली वर येते. दाबाखाली तळणारे यंत्र आले तेव्हापासून तर पंधरा मिनिटांच्या आत घास तयार होतो आणि आठवड्यापूर्वी कामाला लागलेला मुलगाही तो बिनचूक काढतो. उघड्या ज्योतीवर यातले काहीच मिळत नाही. कोंबडी पाठीतून उघडून सपाट केलेली असते. तिचा छातीचा भाग जाड पण कोरडा, मांडी लहान पण चिवट. छातीचे मांस ७४ अंश सेल्सिअसच्या आसपास शिजून तयार होते आणि त्यापुढे दर अंशाला सुकत जाते. मांडीतले चिवट धागे विरघळायला याहून जास्त उष्णता आणि जास्त वेळ लागतो. दोन्ही एकाच कोंबडीचे भाग. त्यात चरबी वितळून खाली गळते, ज्योत एकदम वर उसळते, आणि मुरवणातल्या फळांच्या रसातली साखर कातडीला खमंग तांबूस करता करता क्षणात काळी करते. जाळीवरची प्रत्येक जागा वेगळी तापलेली असते. कोणती कोंबडी कुठे ठेवायची, केव्हा उलटायची, केव्हा कडेला सारायची, हे डोळ्यांनी आणि चिमट्याच्या टोकाने ठरते. एक कोंबडी व्हायला तासाच्या आसपास लागतो. मग सत्तुराने तिचे आठ तुकडे होतात, आणि तो घावही सांध्यावर अचूक पडावा लागतो, नाहीतर हाडाची कपची थेट मुलाच्या ताटात जाते.

या तासाचा अर्थ हिशेबाच्या वहीत पाहिला की माणसाचे महत्त्व पुरते कळते. गिऱ्हाईक काउंटरवर येऊन मागतो तेव्हा कोंबडी आधीच भाजून तयार असली पाहिजे. म्हणजे संध्याकाळी सहाला किती जण येतील हे पाचच्या आत कुणीतरी ओळखलेले असते. अंदाज कमी पडला तर रांगेतली माणसे निघून जातात. जास्त झाला तर भाजलेला माल तिथेच सुकत बसतो. साखळीच्या यादीत भात, घेवडा आणि चिकनच्या फोडी घातलेले बाउल आणि बरिटो आहेत. ते लोकांना आवडतात हे खरेच. पण हाडावरची कोंबडी विकणाऱ्या कोणत्याही स्वयंपाकघराला असा दुसरा रस्ता ठेवावाच लागतो, नाहीतर उरलेला माल गल्ल्यातला नफा खाऊन टाकतो. पगाराची पहिली संध्याकाळ, पावसाची संध्याकाळ, शेजारच्या चर्चमधला बाप्तिस्मा, टीव्हीवरचा फुटबॉल सामना, हे सगळे जाळीपुढच्या माणसाच्या डोक्यात असते. तो भाजतो आणि त्याच वेळी वस्तीही वाचत असतो. एवढे ज्ञान डोक्यात ठेवणाऱ्या माणसाला वेतनाच्या तक्त्यात सर्वांत खालच्या ओळींत जागा मिळते, याची मला काळजी वाटते.

इथे एक आक्षेप रास्त आहे. हाताचे हे काम यंत्राने होऊच शकत नाही असे नाही, आणि पुरावा लॅटिन अमेरिकेतलाच आहे. १९५० साली पेरूची राजधानी लिमाच्या बाहेर रॉजर शूलर या स्विस माणसाने ‘ग्रान्हा असूल’ हे उपाहारगृह काढले. हाताने सळ्या फिरवणे जड जाऊ लागले तेव्हा त्याने आपला देशबंधू फ्रान्त्स उलरिच याच्याकडून एक यंत्र घडवून घेतले. त्यात प्रत्येक सळई स्वतःभोवती फिरते आणि सगळ्या सळ्या मिळून आगीसमोर गोल फिरतात, म्हणजे सूर्याभोवती फिरणाऱ्या ग्रहांचीच चाल. प्रत्येक कोंबडी प्रत्येक तप्त जागेतून पाळीपाळीने जाते आणि वर फिरणाऱ्या कोंबडीचा रस खालच्या कोंबडीवर ठिबकत राहतो. या यंत्राने पेरूत ‘पोयो आ ला ब्रासा’ (निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी) गल्लोगल्ली पोहोचवला, इतका की आज तिथे जुलैचा तिसरा रविवार त्या पदार्थाच्या नावाने साजरा होतो. पण उलरिचच्या यंत्राने नेमके काय केले ते नीट पाहायला हवे. त्याने मनगट वाचवले. वेळ वाचवला नाही. आग घालणे, निखारा किती ठेवायचा ते ठरवणे, सळी केव्हा उतरवायची ते पाहणे, हे माणसाकडेच राहिले. कारागिराच्या अंगावरचे ओझे उतरवणारे यंत्र आणि कारागिरालाच उतरवणारे यंत्र यांत मोठा फरक आहे. पहिल्याचे स्वागतच करायला हवे.

आता वस्तीकडे. अल्व्हाराडोवर दुकान उघडले ते साल एल साल्व्हाडोरमध्ये यादवी युद्ध पेटण्याचे होते. ते १९९२ पर्यंत चालले. शेजारच्या ग्वातेमालातला संघर्ष १९६० पासून धुमसत होता, तो १९९६ च्या अखेरीस मिटला. या काळात जीव वाचवून आलेल्या हजारो कुटुंबांनी दुकानाभोवतीचा वेस्टलेक आणि लगतचा पिको-युनियन भाग भरून गेला आणि लॉस एंजेलिसमधल्या सर्वांत दाट वस्त्यांत त्याची गणना होऊ लागली. दुकानाचा मूळ गिऱ्हाईक मेक्सिकन. आजूबाजूला बघता बघता मध्य अमेरिकन शेजार वाढला. कृती सिनालोआची असली तरी मक्याची तोर्तिया, घेवडा आणि अख्खी कोंबडी मिळून वाटून खाणे दोघांच्याही घरचे होते. कापडाच्या कारखान्यात किंवा ऑफिसांच्या सफाईवर दिवस घालवलेल्या आईला घरी जाताना चार जणांचे जेवण एका डब्यात मिळत होते, आणि ते बर्गरसारखे प्रत्येकाचे वेगळे नसून सगळ्यांनी एका ताटातून घ्यायचे होते. अशा दुकानाला जाहिरातीने गिऱ्हाईक शिकवावे लागत नाही.

ग्वातेमालाच्या ‘पोयो कांपेरो’ने हेच उलट बाजूने दाखवले. १९७१ साली सुरू झालेल्या या साखळीची तळलेली कोंबडी, तिचे अमेरिकेत एकही दुकान नव्हते तेव्हापासून, विमानातून अमेरिकेत येत होती. ग्वातेमाला आणि सान साल्व्हाडोरहून निघणारे प्रवासी नातेवाइकांसाठी डबे बांधून आणत, आणि त्या विमानांत कोंबडीचा वास दरवळे हे सर्वांना ठाऊक होते. २००२ मध्ये कंपनीने लॉस एंजेलिसमध्ये पहिले दुकान उघडले तेव्हा लोक तासन् तास रांगेत उभे राहिले. तिथे कंपनीने बाजारपेठ निर्माण केली असे म्हणणे चूक ठरेल. बाजारपेठ प्रवाशांनी वर्षानुवर्षे सामानातून वाहून आणली होती. कंपनी मागाहून पोहोचली. तीच साखळी शांघाय आणि जकार्तालाही गेली. तिथे तिच्या आठवणी घेऊन आधी कुणी पोहोचले नव्हते आणि तिथली दुकाने टिकली नाहीत.

एल पोयो लोकोचा नकाशा याला दुजोरा देतो. २००० नंतरच्या वर्षांत कंपनीने शिकागो, अटलांटा, बॉस्टनचा परिसर आणि कनेक्टिकट गाठले. २०१४ साली शेअर बाजारात येताना यादीत उरली होती फक्त पाच राज्ये, तीही सगळी पश्चिमेची आणि नैर्ऋत्येची. शेअर विकून आलेल्या उत्साहात टेक्सासात डॅलस आणि ह्यूस्टनकडे पुन्हा दुकाने काढली गेली, त्यांतली अनेक काही वर्षांतच बंद झाली किंवा विकली गेली. टेक्सासात मेक्सिकन लोक कमी नाहीत, मग हे का, असा प्रश्न इथे येतो आणि तो टाळता येणार नाही. मला दिसते ते कारण असे: उत्तर मेक्सिकोची भाजलेली कोंबडी टेक्सासात आधीच घराघरांत आणि लहान दुकानांत पोहोचलेली होती. तिथे परक्या राज्यातल्या साखळीला नव्या जाळीवर नवे हात उभे करून तुलनेला सामोरे जायचे होते, आणि जुने हात कॅलिफोर्नियात होते. सत्तूर चालवणारा, गर्दी ओळखणारा माणूस ट्रकमध्ये घालून पाठवता येत नाही. तो एका दुकानात दुसऱ्याच्या शेजारी उभा राहून तयार होतो, आणि त्याला दुकानांची एकमेकांना लागून असलेली दाट वस्ती लागते.

केंटकीच्या कर्नल सँडर्सनेही एका स्वयंपाकघरातून जग व्यापले, मग भाजलेल्या कोंबडीला का जमू नये, असे कुणी म्हणेल. केएफसीने स्वतःच तो प्रयोग केला. २००९ मध्ये तिने भाजलेली कोंबडी आणली, त्यासाठी खास ओव्हन बसवले, आणि ओप्रा विन्फ्रीच्या कार्यक्रमातून मोफत जेवणाची कूपने दिली. मागणी इतकी उसळली की दुकानांतला माल संपला आणि कंपनीला कूपने स्वीकारणे थांबवावे लागले. एकाच दिवशी देशभर उसळलेल्या गर्दीपुढे कोणतेही स्वयंपाकघर थिटे पडले असते, हे मान्य. पण आधी भाजून ठेवावा लागणारा पदार्थ बटण दाबून वाढवता येत नाही, आणि ज्योतीच्या जागी ओव्हन आणले तरी ती अडचण सुटत नाही.

माझ्या युक्तिवादाला सर्वांत जड जाणारा आक्षेप वस्तीतूनच येतो. ज्या रस्त्यांवर या साखळीला परवाना, वीज आणि आरोग्य खात्याचे प्रमाणपत्र मिळाले, त्याच रस्त्यांवर तसाच पदार्थ गाडीवर भाजणाऱ्या बायका-पुरुषांना पोलिस हाकलत होते. लॉस एंजेलिसने फुटपाथवरच्या विक्रीला फौजदारी गुन्हा मानणे २०१७ साली थांबवले आणि परवान्याची पद्धत २०१८ मध्ये मंजूर केली. त्याआधीची जवळजवळ चार दशके साखळीला कायद्याचे छत्र होते आणि तिच्या खऱ्या प्रतिस्पर्ध्यांना नव्हते. म्हणून वस्तीने या दुकानाला आपले मानले ही गोष्ट खरी असली, तरी ती निवड पूर्ण मोकळी नव्हती हे कबूल केले पाहिजे. दुकानाचे देणे यामुळे वाढते.

ते देणे फेडायची वेळ आताच्या वर्षांत आली आहे. १ एप्रिल २०२४ पासून कॅलिफोर्नियात, देशभर साठ किंवा अधिक शाखा असलेल्या फास्ट फूड साखळ्यांना तासाला किमान २० डॉलर वेतन द्यावे लागते. राज्यातले सर्वसाधारण किमान वेतन तेव्हा १६ डॉलर होते. ज्या कंपनीची बहुतेक दुकाने याच राज्यात आहेत तिला याचा फटका इतरांपेक्षा जास्त. प्रतिसाद म्हणून कंपनीने ऑर्डर घेणारे पडदे बसवायला सुरुवात केली आणि साल्सा बनवण्याच्या कामात यंत्रे आणली. दररोज टोमॅटो-मिरचीचे ढीग कापण्याने हात सुजतात, तेव्हा साल्साच्या यंत्राला माझा विरोध नाही. ते उलरिचच्या सळ्यांच्या जातीचे आहे. वीस डॉलरने धंदा बुडेल असे म्हणणाऱ्यांनी मात्र पाहावे की या कायद्यामुळे जाळीपुढच्या माणसाला टिकून राहण्याचे कारण प्रथमच मिळाले. दर सहा महिन्यांनी माणूस बदलला तर तासाचा अंदाज चुकतो, आणि चुकलेल्या अंदाजाची किंमत वेतनाच्या फरकाहून लहान नसते.

दुसरे संकट वेतनाहून कठोर आहे. जून २०२५ मध्ये वेस्टलेकमधल्या होम डेपोबाहेर रोजंदारीच्या कामाची वाट पाहणाऱ्या मजुरांची संघराज्य सरकारच्या स्थलांतर विभागाने धरपकड केली, आणि ७ जुलैला मॅकआर्थर पार्कमध्ये घोड्यांवर बसलेले सशस्त्र अधिकारी आणि नॅशनल गार्डचे जवान उतरले. त्या उन्हाळ्यात परिसरातल्या फेरीवाल्यांनी गाड्या लावणे थांबवले आणि खाणावळींची गर्दी ओसरली. पदार्थ भाजणारे आणि विकत घेणारे एकाच समाजातले असतील तर भीतीचा परिणाम दुहेरी होतो: कामावर यायला माणूस नाही आणि काउंटरवर गिऱ्हाईक नाही. कॉलोराडोसारख्या राज्यांत पुन्हा नवी दुकाने काढण्याचे बेत कंपनी करते आहे आणि तिने ते जरूर करावेत. पण त्याआधी वेस्टलेकमधल्या आपल्या कामगारांना वकिलाचा सल्ला, पाळी बदलण्याची मुभा आणि घरी सुखरूप पोहोचण्याची सोय देणे हे तिच्या व्यवसायाचेच काम आहे. अर्धवट भाजलेली कोंबडी मध्यवर्ती कारखान्यातून आणून दुकानात नुसती गरम करायची, हा मार्ग कोणत्याही हिशेबनिसाला उद्या सुचू शकतो. अशी कोंबडी मांडीच्या हाडापाशी लगेच कळते, आणि अल्व्हाराडोवरच्या गिऱ्हाइकाला ती ओळखायला दुसरा घास लागत नाही.