मागूर, शिंगी व पडीन : गळ आणि आमिष यांची निवड

नागपूर जिल्ह्याच्या आग्नेय भागात वसलेला उमरेड तालुका धान, कापूस व सोयाबीन यांच्या शेतीसाठी जसा ओळखला जातो, तसाच तो तलाव-बोड्यांसाठीही परिचित आहे. मकरधोकडा व पांढराबोडी यांसारखे पाटबंधाऱ्याचे जलाशय, जुने मालगुजारी तलाव आणि शेताच्या उशाशी असलेल्या लहान बोड्या या सर्वांत मासळी आहे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली, तरी ते तलाव ‘मामा तलाव’ या सुटसुटीत नावाने आजही लोकांच्या तोंडी आहेत. या पाण्यावर ढीवर बांधवांची उपजीविका पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. अलीकडे पुष्कळ शेतकरीही बोडीत मत्स्यबीज सोडू लागले आहेत.

चैत्र-वैशाखात पाणी आटते, आणि तेव्हा एक अडचण हटकून पुढे येते. जाळे ओढले असता रोहू, कटला व मृगळ हाती लागतात. परंतु मिशा असलेली मासळी जाळ्याखालून निसटते. ती चिखलात दडते, मुळांत शिरते, काठाच्या बिळांत बसते. बुडालेल्या खोडांमुळे जाळे फाटते ते वेगळेच. पुढे श्रावण-भाद्रपदात नवे बीज सोडले म्हणजे मागे राहिलेली पडीन त्या बोटभर पिलांवर तुटून पडते, आणि पैसे देऊन आणलेले बीज पाहता पाहता नाहीसे होते. अशा ठिकाणी गळाचा उपयोग होतो. मात्र गळ कोणता, त्यास आमिष कोणते आणि तो केव्हा टाकावा, याचा विचार केल्याशिवाय श्रम फुकट जातात.

मासळीची ओळख

या मासळीस खवले नसतात व तोंडाभोवती मिशा असतात. डोळ्यांपेक्षा ती मिशांवर व वासावर अधिक विसंबून असते. मिशांवर चव ओळखणारे असंख्य सूक्ष्म बिंदू असतात. म्हणून गढूळ पाण्यात आणि काळोख्या रात्रीही तिला खाद्य सापडते. आमिष निवडताना रंगापेक्षा वास महत्त्वाचा, हा पहिला नियम यातूनच निघतो.

मागूर (काही गावांत वाघूर) व शिंगी यांना मिशांच्या चार जोड्या असतात. दोघींनाही कल्ल्यांखेरीज हवेतून श्वास घेण्याची सोय आहे. त्यामुळे त्या उथळ, कुजट पाण्यातही तग धरतात व बाजारात जिवंत विकता येतात. त्या तळाशी राहून गांडुळे, किड्यांच्या अळ्या, गोगलगायी व कुजके पदार्थ खातात.

पडीन, जिला शिवडा असेही म्हणतात, ती निराळ्या स्वभावाची आहे. तिच्या मिशांच्या जोड्या दोनच. पण तोंडाची फट डोळ्याच्याही मागे जाते. ती मुख्यतः दुसरे मासे खाते व हातभराहून मोठी होते. नदीत व मोठ्या जलाशयात आढळणारा शिंगाळा या दोहोंच्या मधला होय. तो तळाशी राहतो, पण लहान मासे व झिंगे आवडीने खातो.

आमिषाची निवड

मागूर व शिंगी यांसाठी गांडुळासारखे दुसरे आमिष नाही. शेणखताच्या ढिगाखाली किंवा मोरीच्या ओल्या मातीत ती सहज मिळतात. मडक्यात ओली माती व पालापाचोळा घालून सावलीत ठेवल्यास काही दिवस टिकतात. गळात ओवताना संपूर्ण गांडूळ लपेटून टाकू नये. शेपटीचा थोडा भाग मोकळा वळवळत ठेवावा.

दुसरे आमिष कोंबडीच्या आतड्यांचे. त्यास वास उग्र असतो व ते गळावर चिवटपणे टिकते. म्हणून रात्रभर पाण्यात राहणाऱ्या दोरीस ते सोयीचे पडते. तुकडे बोटाच्या एका पेराएवढे असावेत. मोठा तुकडा लावला तर मासा कडेकडेने कुरतडतो व गळ तोंडात जात नाही.

तिसरे आमिष कणकेचे. कणीक, सुक्या झिंग्यांची पूड व थोडी ढेप एकत्र मळून घट्ट गोळी करावी. तीत कापसाचे चार तंतू मिसळले असता गोळी फुटत नाही. भांडेभर पाण्यात गोळी टाकून पाहावी. पाव घटका न विरघळता राहिली तरच ती कामाची समजावी.

पडीन व शिंगाळा यांसाठी लहान मासळी किंवा झिंगे वापरावेत. मात्र येथे दोन पथ्ये पाळलीच पाहिजेत. रोहू-कटल्याचे बीज आमिष म्हणून कधीही वापरू नये. सोसायटीने पैसे देऊन सोडलेले बीज गळास लावणे म्हणजे पेरणीचे बियाणे भाजून खाणे होय. तसेच एका तलावातील जिवंत मासे दुसऱ्या तलावात आमिष म्हणून नेऊ नयेत. त्यांच्याबरोबर रोग व नको असलेल्या जाती पसरतात.

बेडूक लावण्याची चाल काही ठिकाणी आहे. ती सोडून द्यावी. बेडूक धानाच्या बांधीतील किडी खातो. परदेशी जाणाऱ्या बेडकांच्या तंगड्यांची निर्यात भारताने १९८७ मध्ये बंद केली. एका मासळीसाठी पिकाचा राखणदार गळास लावणे शेतकऱ्यास परवडणारे नाही.

गळाची निवड

बाजारात गळांना क्रमांक असतात. साध्या क्रमांकात आकडा जसा वाढतो तसा गळ लहान होतो; परंतु आकड्यापुढे ‘शून्य’ लावलेल्या मालिकेत आकड्याबरोबर गळही मोठा होत जातो. हे ध्यानात न घेतल्याने खरेदीत फसगत होते. साधारणपणे शिंगीस ६ ते ८ क्रमांकाचा, मागुरीस २ ते ४ क्रमांकाचा, व पडिनीस ३ शून्य ते ५ शून्य या मापाचा गळ योग्य ठरतो. शिंगीचे तोंड लहान असते. तिला मोठा गळ लावल्यास आमिष जाते व मासा मिळत नाही.

आकाराने गळ दोन प्रकारचे. साध्या गळाचे टोक दांडीस समांतर असते. मासा ओढताच हातास झटका देऊन तो रुतवावा लागतो. म्हणून काठी हाती धरून बसणाऱ्यास तो चांगला. वर्तुळी गळाचे टोक आत, दांडीकडे वळलेले असते. मासा आमिष घेऊन वळला की हा गळ सरकत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. त्यास झटका द्यावयाचा नसतो. झटका दिला तर तो तोंडातून निसटतो. दोरी संथपणे ओढावी. रात्रभर ठेवावयाच्या दोरीस हाच गळ हितावह, कारण मासा तो सहसा गिळत नाही, पोटात जखम होत नाही व मासळी सकाळपर्यंत जिवंत राहते. लहान मासा परत सोडावयाचा असेल तरी तो जगतो.

गळाचे टोक नखावर ओढून पाहावे. ओरखडा उठला तर धार आहे. घसरला तर कानशीने घासून घ्यावे. तंगूस खरबरीत झाला असल्यास तेवढा भाग कापून टाकावा. पडिनीच्या दातांपुढे साधा तंगूस टिकत नाही. गळाजवळची वीतभर दोरी जाड किंवा वेणी घातलेली असावी.

दोरी मांडण्याची रीत

लांब मूळ दोरीस ठराविक अंतरावर फांद्या बांधून प्रत्येक फांदीस एक गळ लावावा. फांदी ४५ सेंटिमीटर लांब असेल तर दोन फांद्यांत निदान १ मीटर अंतर ठेवावे. म्हणजे गळ एकमेकांत अडकत नाहीत. दोन्ही टोकांस दगड व खूण म्हणून रिकामा डबा बांधावा. दोरी काठास समांतर, उथळ व खोल पाणी जेथे मिळते तेथे मांडावी. ही मासळी संध्याकाळी याच मार्गाने काठाकडे चरावयास येते.

दिवस मावळताना दोरी टाकावी, रात्री एकदा पाहावी व उजाडताच काढावी. दोरी पाण्यात विसरून जाणे हा मोठा दोष आहे. तीत कासव अडकले तर श्वास घेण्यास वर येता न आल्याने ते बुडून मरते. आणि कासव मारणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली गुन्हा आहे. कासव अडकलेले दिसल्यास दोरी गळाजवळ कापून त्यास सोडून द्यावे.

काट्यापासून सावधगिरी

शिंगीच्या छातीच्या परांतील काटा विषारी असतो. तो लागला असता तीव्र वेदना होतात व हात सुजतो. मासा उघड्या हाताने धरू नये. ओल्या पोत्याने डोक्यामागे दाबून चिमट्याने गळ काढावा. काटा लागल्यास जखम धुऊन, सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास हात बुडवून ठेवावा. उष्णतेने विषाचा जोर कमी होतो. पाणी किती गरम आहे हे दुसऱ्या, न दुखावलेल्या हाताने पाहावे, नाहीतर बधिर हात भाजतो. त्यानंतर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन धनुर्वाताची सुई घ्यावी. काटा आत तुटला असेल तर घरी कोरू नये.

केव्हा पकडावे, केव्हा सोडावे

येथे सर्वांत महत्त्वाचा प्रश्न येतो. पहिला पाऊस पडून बांध्या भरल्या की मागूर तलावातून वर चढते. उथळ पाण्यात काठाशी बीळ करून ती अंडी घालते व नर त्यांची राखण करतो. रोहू-कटल्याची मादी लाखांनी अंडी देते. मागुरीची अंडी काही हजारांतच असतात. म्हणून आषाढात ओहोळाच्या तोंडाशी गळ टाकून पोटात अंडी असलेली एक मागूर धरली, तर पुढील सालची टोपलीच रिकामी होते. देशी मागूर आज जगातील धोक्यात आलेल्या माशांच्या यादीत गणली जाते. पडीनही पूर्वीइतकी राहिलेली नाही. बांधीत कीटकनाशक फवारून ते पाणी तलावात सोडणे हेही याला कारण आहे.

यावरून मार्ग सरळ दिसतो. ज्या बोडीत बीज सोडावयाचे तेथील पडीन फाल्गुन ते वैशाख या काळात गळाने काढून घ्यावी. मागूर व शिंगी जिवंत विकाव्यात, पण लहान व अंड्यांवर आलेल्या परत सोडाव्यात. मोठ्या जलाशयात व नदीत पावसाच्या आरंभीचे दोन महिने गळ बाजूस ठेवावा.

आफ्रिकन मागुरीबाबत मात्र दयामाया नको. ही विदेशी मासळी अंगाने डागाळ असते, झपाट्याने काही किलो वजनाची होते व इतर मासळी फस्त करते. तिच्या संवर्धनास भारतात २००० सालापासून बंदी आहे. गळास लागल्यास ती पाण्यात परत सोडू नये व मत्स्यव्यवसाय कार्यालयास कळवावे.

पाण्यात विष किंवा सुरुंगाची दारू टाकून मासे मारणे १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. विजेचा प्रवाह सोडणारा तर स्वतःचाच जीव धोक्यात घालतो. तलावाचा ठेका ज्या सोसायटीकडे असेल तिच्या संमतीवाचून गळ टाकू नये. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याच्या हद्दीतील पाण्यात तर जाऊच नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी उन्हाळ्यात एखाद्या संध्याकाळी सोसायटीच्या सभासदांना तलावाच्या काठी जमवावे, साधा व वर्तुळी असे दोन्ही गळ शेजारी शेजारी मांडून दाखवावेत आणि सकाळी दोरी सर्वांसमक्ष ओढावी. कोणत्या गळाची मासळी जिवंत निघाली हे प्रत्येकाने आपल्या डोळ्यांनी पाहिले म्हणजे वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही. गळ ही स्वस्त वस्तू आहे. तो कोणत्या महिन्यात पाण्यात पडतो, यावर मात्र तलावाची पुढील अनेक वर्षे अवलंबून असतात.