पहिल्या सत्राचे गुण

जूनमध्ये प्रवेशाला येणारी मुलं आणि दिवाळीनंतर येणारी मुलं यांत फरक असतो. दिवाळीनंतर येणाऱ्यांच्या घरी काहीतरी अडलेलं असतं. दिवाळीनंतरच्या एका आठवड्यात श्रीवर्धनच्या एका माध्यमिक शाळेच्या कार्यालयात मी बसलो होतो. समोर नववीतली एक मुलगी, तिची आई आणि आजोबा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आजोबांची सुपारीची बाग आडवी झाली. मागाहून लावलेली रोपं आता धरू लागलीत, पण आजोबांना एकट्याने बागेचं शिंपणं झेपेना. म्हणून मुलगा-सून मुंबई सोडून घरी आले.

मुंबईच्या जुन्या शाळेने फी बाकी असल्याने शाळा सोडल्याचा दाखला दिलेला नव्हता. लिपिकांनी आधार कार्ड पाहिलं, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी लिहून घेतली. मग म्हणाले, "वहिनी, दाखल्याचं बघू, तो येईल मागाहून. सहामाहीचं निकालपत्रक आहे काय?"

नव्हतं. आईने मोबाइल पुढे केला. त्यात तपासलेल्या तीन उत्तरपत्रिकांचे फोटो होते. गणितात चाळीसपैकी चौतीस. मुलगी त्या आकड्याकडे बोट दाखवत होती. लिपिकांनी फोटो नीट पाहिले आणि मान हलवली. सही-शिक्क्याशिवाय ते गुण नोंदवहीत चढवता येत नाहीत.

नववीचा निकाल दोन्ही सत्रांचे गुण धरून लागतो. पहिलं सत्र कोरं राहिलं की मुलीची पाच महिन्यांची मेहनत कागदावर उरत नाही. शाळा बदलण्यातलं खरं नुकसान हे आहे, आणि त्याबद्दल बोलणारे फार थोडे. आपण सगळे दाखल्याच्या मागे लागतो. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम ५ नुसार मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा असतो, आणि तो उशिरा आला म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. तो कायदा आठवीपर्यंतचा. २०२१ मध्ये राज्य सरकारने नववी-दहावीलाही दाखल्याविना प्रवेश द्यायला सांगितलं. दोन्हींमुळे मूल वर्गात बसतं, हे मोलाचंच आहे. पण दाखल्यावर नाव, जात, जन्मस्थळ यांना स्वतंत्र रकाने असतात आणि अभ्यासाला एकच रकाना, "प्रगती". त्यात बहुधा एक शब्द असतो, "समाधानकारक". चौतीस गुण त्या शब्दात कसे मावणार?

इथल्या बागमांडल्याहून फेरीबोटीने बाणकोटची खाडी ओलांडून मंडणगडात गेलं, तर बोर्डाचा विभागही बदलतो. रायगड मुंबई विभागात, रत्नागिरी कोकण विभागात. या मुलीचं तर तेवढंही बदललेलं नाही. बोर्ड तेच, विभाग तोच, दप्तरातली पुस्तकंही बालभारतीची तीच. तरीही गुण जुन्या शाळेच्या कपाटात राहिले.

ही अडचण फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेतल्या हायस्कुलात विषयवार क्रेडिट साठतात, आणि त्यांतली किती धरायची हे नवी शाळा ठरवते, त्यामुळे तिथेही मुलं रखडतात. आपल्याकडे आता बारा अंकी 'अपार' क्रमांक आलाय, त्यात मुलाची शैक्षणिक नोंद आयुष्यभर सोबत राहील असं आश्वासन आहे. ते पुरं व्हावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. पण सत्राचे गुण दाखल्यासोबत एका कागदावर पाठवायला एवढी वाट कशाला बघायची? ते प्रत्येक शाळेच्या वहीत लिहिलेले असतातच. आणि फीची बाकी पालकांची आहे, गुण मुलीचे आहेत.

वर्गशिक्षिका आल्या. त्यांनी मुलीकडून जुन्या वह्या मागून घेतल्या आणि कुठला धडा झालाय, कुठला राहिलाय याची यादी तिथेच उभ्याने केली. मुख्याध्यापकांनी जुन्या शाळेला गुणांसाठी पत्र लिहायला सांगितलं. गुण येईपर्यंत पहिल्या सत्राची परीक्षा पुन्हा घ्यायची, असं ठरलं.

"गणिताचीपण?" मुलीने विचारलं.

"गणिताचीपण," बाई म्हणाल्या, आणि पुढच्या सोमवारची तारीख तिच्या वहीत लिहून दिली.